तबकडीवरचा आवाज आंतरजालावर: तो सापडतो कसा आणि हरवतो कसा

रात्री उशिरा मोबाइलवर एखादे जुने नाट्यपद ऐकत असताना, ते संपताच पुढचे गाणे आपोआप सुरू होते. पडद्यावर केवळ एका काळ्या तबकडीचे स्थिरचित्र असते. आधी खरखर, मग पेटीचे सूर आणि पाठोपाठ एका स्त्रीचा अतिशय चपळ, धारदार आवाज. जेमतेम तीन मिनिटांत तानांची आतषबाजी होते आणि गाणे संपता संपता तीच गायिका खणखणीत इंग्रजीत सांगते, ‘माय नेम इज गौहर जान!’ प्रथमच ऐकणाऱ्याला हसू येते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या आवाजाने आपले नाव असे ठणकावून का सांगावे, हा प्रश्न त्यानंतर पडतो.

त्याचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण तज्ज्ञ फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात आले. एका हॉटेलच्या खोलीत त्यांनी तात्पुरती ध्वनिमुद्रणशाळा उभारली आणि नोव्हेंबरमध्ये तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. भारतात तेव्हा तबकड्या छापण्याची सोय नव्हती. मेणावर कोरलेली मूळ मुद्रणे जहाजाने जर्मनीतील हानोव्हर येथील कारखान्यात जात आणि तयार तबकड्या पुन्हा जहाजानेच परत येत. हानोव्हरच्या कामगारांना ठुमरी आणि दादरा यांतला फरक कळण्याचे कारण नव्हते, गायिकेचे नाव तर दूरच. चुकीचे नाव चिकटू नये म्हणून गायकाने शेवटी स्वतःचे नाव उच्चारावे, अशी प्रथा पडली. त्या काळातील अनेक गायक-गायिकांच्या तबकड्यांवर अशी उद्घोषणा ऐकू येते. गौहर जान यांनी पुढील सुमारे दोन दशकांत मराठीसह दहाहून अधिक भाषांत सुमारे ६०० तबकड्यांसाठी गायन केले. त्यांचे निधन १९३० मध्ये म्हैसूर येथे झाले.

आज असे हजारो आवाज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. मुंबई-पुण्यातीलच नव्हे, तर इंदूर, बडोदा, बंगळुरू किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी श्रोत्यालाही बालगंधर्वांचे पद किंवा अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी एका क्षणात ऐकता येते. त्यामुळे जुने संगीत आता कायमचे वाचले, असा समज दृढ होत चालला आहे. हा समज कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी आधी ही तबकडी म्हणजे नेमके काय, ते समजून घ्यावे लागेल.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी प्लास्टिकची नसते. तिला बांधून ठेवणारा मुख्य पदार्थ म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून ती मिळते आणि तिच्या उत्पादनात आजचा झारखंड व त्याच्या भोवतालचा प्रदेश अग्रेसर राहिला आहे. या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. बर्लिनपासून न्यूयॉर्कपर्यंत जगभर जे संगीत वाजले, त्यातील बराचसा भाग भारतातील झाडांच्या फांद्यांवरून खरवडलेल्या या पदार्थाच्या आधारावर उभा होता, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडखळला, तेव्हा अमेरिकेत १९४२ मध्ये तिच्या नागरी वापरावर निर्बंध आले. जुन्या तबकड्या गोळा करून, त्या वितळवून नव्या करण्यात आल्या. त्यात कोणकोणते आवाज विरघळले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

लाखेची तबकडी कठीण असते, तितकीच ठिसूळही. हातातून पडली की तिचे तुकडे होतात. शिवाय तिच्या खाचांतून फिरणारी पोलादी सुई प्रत्येक वादनात खाच थोडी थोडी खात जाते. त्या काळी प्रत्येक बाजूसाठी नवी सुई लावण्याचा सल्ला कंपन्या देत असत आणि काटकसरी घरांत तो फारसा पाळला जात नसे. परिणामी जी तबकडी घरातील सर्वांची लाडकी, ती सर्वाधिक झिजली. जी कोणाला फारशी आवडली नाही, ती मात्र आज नव्यासारखी चकचकीत सापडते. जुन्या संगीताची आपली कल्पना कोणत्या प्रती टिकल्या यावरही अवलंबून असते, हे या संदर्भात ध्यानात ठेवले पाहिजे.

ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीनेही गाण्याला आकार दिला. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा ध्वनिग्राहक येईपर्यंत गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या दाबाने एक पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली टोकदार सुई मेणावर रेघ ओढी. या यंत्रणेला सुमारे २५० ते २,५०० हर्ट्झ एवढीच कंपने नीट पकडता येत. तंबोऱ्याचा झंकार त्यात जवळजवळ हरवे आणि तबल्याचा डग्गा दबून जाई. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपे. तासभर रंगणारा राग या वेळात बसवायचा, तर आलापी आटोपती घ्यावी लागे आणि द्रुत लयीतील तानांना अधिक जागा मिळे. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी झालेली अब्दुल करीम खाँ यांची मुद्रणे ऐकली, तर या मर्यादेतही विलंबित स्वराचा ठहराव कसा साधता येतो, ते कळते. सर्वांनाच ते जमले नाही आणि सर्वांना ते मान्यही नव्हते.

कोल्हापूर आणि मुंबई येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे निधन १९४६ मध्ये झाले. तोवर भारतात तबकड्यांचा व्यवसाय चार दशकांहून अधिक काळ भरभराटीला आला होता, तरीही त्यांच्या गायनाची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांची गायकी आज आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर या त्यांच्या शिष्येलाही मुद्रणाचे फारसे आकर्षण नव्हते. त्यांची मुद्रणे मोजकीच, पण त्यांतील भैरवीची साडेतीन मिनिटे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला दुसरे यान अवकाशात झेपावले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. आज त्यांचे नाव शोधणाऱ्या अनेक तरुण श्रोत्यांना ते प्रथम कळते ते या यानांमुळेच.

तबकडीवरचा हा आवाज आंतरजालापर्यंत पोहोचतो कसा? वाटेवरचा पहिला माणूस बहुधा भंगारवाला असतो. मुंबईचा चोरबाजार, दिल्ली-कोलकात्यातील जुन्या वस्तूंची दुकाने, घर रिकामे करताना माळ्यावरून खाली आलेल्या पेट्या, अशा ठिकाणी संग्राहक वर्षानुवर्षे फेऱ्या मारतात. भारतीय तबकड्यांच्या बाबतीत हे काम प्रथम हाती घेतले ते हौशी मंडळींनी. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यासक मायकेल किनिअर यांनी तबकड्यांचे क्रमांक, लेबले आणि जुन्या सूची जुळवून भारतीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास अक्षरशः वेचून काढला. गौहर जान यांचे चरित्र लिहिणारे विक्रम संपत यांनी पुढे ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ उभारून अशी मुद्रणे श्रोत्यांसाठी खुली केली.

तबकडी हाती आल्यावरचे काम वरवर सोपे वाटते. फिरत्या तबकडीवर सुई ठेवायची आणि संगणकावर आवाज उतरवून घ्यायचा. प्रत्यक्षात पहिली अडचण सुईचीच असते. या तबकड्यांच्या खाचा नंतरच्या लाँग प्ले तबकड्यांच्या खाचांपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असतात. नव्या यंत्राची बारीक सुई वापरली, तर ती खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत लोळते आणि खरखरच अधिक ऐकू येते. झिजलेल्या तबकडीत तर किंचित जाड किंवा किंचित बारीक सुई लावून खाचेचा न झिजलेला थर शोधावा लागतो. अमेरिकेत या कामासाठी चार भुजांचे एक यंत्र वापरले गेले. चार वेगवेगळ्या आकारांच्या सुया एकाच वेळी एकाच तबकडीवर चालवायच्या आणि सर्वांत स्वच्छ आवाज कोणत्या सुईचा, ते नंतर ठरवायचे.

दुसरी अडचण वेगाची आहे आणि भारतीय संगीताच्या दृष्टीने ती अधिक गंभीर म्हटली पाहिजे. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्या’ हे नाव पुढे रूढ झाले. सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग मिनिटाला सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान कुठेही असे. तबकडी मूळ वेगापेक्षा सहा टक्के जलद फिरवली, की सूर अर्ध्या स्वराने वर जातो. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो, लयही वाढते आणि आवाजाचा पोत पातळ होतो. आंतरजालावर एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन वेगळ्या पट्ट्यांत ऐकू येतात, त्याचे कारण हेच. ‘पूर्वीचे गायक किती उंच पट्टीत गात’ असे कौतुक करण्यापूर्वी यंत्राचा वेग तपासलेला बरा. पेटीची पट्टी, त्या गायकाची इतर मुद्रणे आणि आवाजाचा स्वाभाविकपणा यांच्या आधारे जाणकार मूळ वेगाचा अंदाज बांधतात. हे काम कानानेच करावे लागते.

तिसरा प्रश्न खरखरीचा. ती काढून टाकणारी साधने आता कोणाच्याही संगणकावर असतात आणि ती सढळ हाताने वापरली जातात. परंतु गायिकेचा श्वास, सारंगीच्या गजाची घासणी आणि तंबोऱ्याचे उरलेसुरले गुंजन याच उंच कंपनांत दडलेले असते. खरखर पुसताना तेही पुसले जाते आणि पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत आवाज हाती राहतो. यासाठी जबाबदार संग्रह मूळ आवाज आहे तसा, कोणतीही छाटणी न करता, मोठ्या धारिकेत जपतात आणि ऐकण्यासाठी स्वच्छ केलेली प्रत वेगळी देतात. चित्रफितींच्या संकेतस्थळांवर बहुधा ही दुसरी, आणखी संकुचित केलेली प्रतच पोहोचते. ती ऐकण्यापुरती ठीक आहे. तिच्यावरून मूळ तबकडी पुन्हा घडवता येणार नाही.

एवढे सोपस्कार होऊनही नाव चुकले, तर बरेचसे श्रम वाया जातात. तबकडीच्या मधल्या लेबलावर कंपनीचे नाव, सूची क्रमांक, गायकाचे आणि रागाचे नाव असते. त्याच्या बाहेर, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यावर, मूळ मुद्रणाचा क्रमांक कोरलेला असतो. या क्रमांकावरून मुद्रणाचे वर्ष आणि अनेकदा गाव शोधता येते. आंतरजालावर फिरणाऱ्या असंख्य प्रतींत मात्र यांपैकी काहीच उरत नाही. ‘दुर्मीळ जुने गाणे’ एवढाच मथळा, कोणा भलत्याच गायिकेचे छायाचित्र आणि राग चुकीचा. मग तीच चूक दुसरा उतरवून घेतो, तिसरा ती लेखात वापरतो आणि काही वर्षांत ती ‘सर्वश्रुत’ होते. मुद्रणाच्या जन्मवेळी हानोव्हरच्या कारखान्यात जी भीती होती, ती सव्वाशे वर्षांनी वेगळ्या रूपात उभी आहे आणि आता गायिका स्वतः नाव सांगायला हजर नाही.

नावनिशी सगळे जपले तरी ते सुरक्षित असतेच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईशी निगडित आहे. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या मुंबईतील कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या. मोठ्या विदेशी कंपन्यांच्या छायेत उभ्या राहिलेल्या या देशी नाममुद्रेत शास्त्रीय गायन, लोकसंगीत, चित्रपटगीते, भाषणे, नाटकांचे संच आणि अगदी जाहिरातीही होत्या. चांदवणकर यांनी या तबकड्या ठिकठिकाणच्या संग्रहांतून मिळवल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेखांसाठीच्या योजनेअंतर्गत त्यांचे अंकीकरण केले. तेराशेहून अधिक मुद्रणे लेबलांच्या छायाचित्रांसह आंतरजालावर आली आणि जगात कुठेही विनाशुल्क ऐकता येऊ लागली. ज्या कंपनीचे नावही विस्मृतीत गेले होते, तिचा एवढा मोठा साठा नीट नोंदींसह उपलब्ध होणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला. खंडणीसाठी झालेल्या या हल्ल्याने ग्रंथालयाच्या बहुतेक संगणकीय सेवा कोलमडल्या. ध्वनिसंग्रहाचे संकेतस्थळ बंद पडले आणि दीर्घकाळ बंद राहिले. ध्वनिफिती नष्ट झाल्या नव्हत्या, पण श्रोत्याच्या दृष्टीने दरवाजा बंद होता. मुंबईत गायलेले, मुंबईतच छापलेले आणि मुंबईकराने शोधून काढलेले गाणे लंडनमधील एका यंत्रणेला धक्का बसताच मुंबईत ऐकू येईनासे झाले.

दुसरा धोका कायद्याच्या अंगाने येतो. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही ना-नफा संस्था अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचा एक विशाल प्रकल्प चालवते. त्यात चार लाखांहून अधिक मुद्रणे जमा झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि इतर संगीत कंपन्यांनी स्वामित्वहक्कभंगाचा दावा दाखल केला. आरंभी त्यात २,७४९ मुद्रणांचा उल्लेख होता आणि नुकसानभरपाईची संभाव्य रक्कम ४० कोटी डॉलरच्या पुढे जात होती. एवढी रक्कम भरावी लागली असती, तर तो प्रकल्पच काय, ती संस्थाही टिकली नसती. ही गाणी आमच्याकडे अधिकृतपणे ऐकण्यास उपलब्ध आहेत, असे कंपन्यांचे म्हणणे होते. तबकडीची खरखरही इतिहासाचा भाग आहे आणि तिचे जतन हे संशोधनाचे काम आहे, अशी संस्थेची बाजू होती. सप्टेंबर २०२५ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर करण्यात आल्या नाहीत.

भारतातील कायदा या बाबतीत तुलनेने उदार आहे, पण तोही वाटतो तितका सरळ नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क संपण्याची वेळ आली, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. या हिशेबाने १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीवरील मुद्रणाचा हक्क २०२५ च्या अखेरीस संपतो. मात्र हा हक्क केवळ मुद्रणाचा. त्यातील शब्द आणि चाल यांवरील हक्क स्वतंत्र असतात व ते कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ मध्ये झाले. त्यामुळे त्यांचे एखादे गीत १९५० च्या तबकडीवर असेल, तर मुद्रण खुले झाले तरी शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत कायम राहतो. पारंपरिक बंदिशींबाबत ही अडचण येत नाही. भावगीते आणि चित्रपटगीते यांबाबत ती पदोपदी येते. अमेरिकेत पुन्हा वेगळाच हिशेब आहे. तेथे १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी एकदम मुक्त झाली आणि नंतरची टप्प्याटप्प्याने मुक्त होत आहेत.

या गुंत्याचा परिणाम सामान्य संग्राहकावर होतो. मोठ्या संकेतस्थळांवर हक्कांची छाननी बहुतांशी यंत्रे करतात. एखाद्या कंपनीने जुन्या मुद्रणाची नवी आवृत्ती आपल्या नावावर नोंदवली असेल, तर यंत्र संग्राहकाच्या मूळ तबकडीच्या प्रतीवरही आक्षेप घेते. आक्षेपाला उत्तर देण्याची चिकाटी प्रत्येकाकडे नसते. काहींची संपूर्ण वाहिनी बंद होते आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षे लिहिलेली टिपणेही जातात. अनेक वेळा गाण्यापेक्षा ती टिपणेच अधिक मोलाची असतात.

म्हणून मूळ तबकडीचे महत्त्व अंकीकरणानंतरही संपत नाही. सुया सुधारतात, वाचनाची तंत्रे सुधारतात आणि आज ज्या खाचेतून खरखरच येते, तिच्यातून उद्या अधिक काही मिळू शकते. प्रकाशाच्या साहाय्याने, सुई न टेकवता खाचा वाचण्याचे प्रयोग अमेरिकेत यशस्वी झाले आहेत आणि फुटलेल्या, एरवी वाजवताच येणार नाहीत अशा मुद्रणांतूनही त्यांनी आवाज मिळवला आहे. याचा अर्थ तडा गेलेली तबकडीही फेकण्याजोगी नसते.

भारतात अशा तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या दशकातही सुरू होते. त्यामुळे त्या अजूनही घरोघरी, विशेषतः जुन्या वाड्यांत आणि बंद खोल्यांत सापडतात. कोणाच्या घरी तशी पेटी निघाली, तर काही गोष्टी पाळाव्यात. तबकड्या एकावर एक आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, कारण भाराने तळच्या तबकड्या वाकतात किंवा तडकतात. त्या पुसण्यासाठी स्पिरिट कधीही वापरू नये. लाख त्यात विरघळते आणि गाणे फडक्यावर उतरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढणे पुरेसे असते. घरातील जुन्या ग्रामोफोनवर, गंजलेल्या सुईने ‘एकदा लावून पाहू’ हा मोह टाळावा. लेबलाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि उजेडात तबकडी तिरपी धरून, खाचा संपतात तेथील कोरलेला क्रमांक वाचून कागदावर उतरवून ठेवावा. लेबल फाटलेले असले तरी तो क्रमांक बहुधा शाबूत असतो.